उणे एकतीस

कागद हातात आला तेव्हा ती फरशीवर मांडी ठोकून लोखंडी कपाटाचा तळचा कप्पा उपसत होती. तपासणी विभाग वरच्या मजल्यावर हलायचा होता आणि बारा वर्षांची रद्दी कुणीतरी चाळायला हवी होती. ते कुणीतरी म्हणजे नेहमीप्रमाणे तीच. कागद साधाच. मध्यवर्ती प्रयोगशाळेचा अहवाल, एकच पान, खाली गोल शिक्का. प्रमाण दांडी क्रमांक सात. प्लॅटिनमच्या तारा घातलेली, चिनीमातीच्या नळीतली ती हातभर लांब दांडी, जिच्याशी ताडून ती शहरातल्या निम्म्या भट्ट्यांचे तापमापक खरे की खोटे ते ठरवायची. सहाशे अंशांना उणे नऊ. नऊशेला उणे अठरा. बाराशेला उणे एकतीस. म्हणजे भट्टीत खरे बाराशे असतील तेव्हा ही दांडी अकराशे एकोणसत्तरच सांगणार. असे अहवाल तिने शेकड्यांनी पाहिले होते. आकडा बघायचा, नोंदवायचा, पान उलटायचं. पण पान उलटेना. एकतीस हा आकडा तिने पूर्वी कधीतरी तोंडाने उच्चारला होता, मोठ्याने, भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून, आणि ज्याला उद्देशून उच्चारला होता तो माणूस आत्ता तिच्या घरी खिडकीशी खुर्ची ओढून बसलेला असणार होता. तिने वरची तारीख पाहिली. त्या दिवसानंतर पाच महिन्यांची. मग खाली नजर गेली आणि तिथे, ‘मिळाला, वाचला’ या शब्दांखाली, तिची स्वतःची सही होती. कारकून दारात येऊन म्हणाला, “बाई, पाय आखडतील, उठा आता.” ती हो म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

तिचे सासरे बेसिनं बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीमास्तर होते. चौतीस वर्षं. भट्टीच्या दारातल्या बोटभर भोकाला डोळा लावायचा, डोळ्यासमोर निळी काच धरायची आणि आतल्या उजेडाच्या रंगावरून आच ओळखायची, हे त्यांचं काम. त्यांचे रंगही त्यांचेच होते. काळपट तांबडा म्हणजे सहाशे, शेंदरी म्हणजे नऊशे, आणि भट्टीला कावीळ झाली की अकराशेच्या पुढे, असं ते म्हणायचे. त्या वर्षी कारखान्याच्या तापमापकाची तपासणी झाली होती, तिच्याच विभागात, याच दांडीशी ताडून. तो परत बसवल्यावरची पहिलीच भट्टी होती. आकडा हळू चढतोय, रंग मात्र पुढे पळतोय, असं सासऱ्यांना वाटलं आणि त्यांनी मालकांना सांगून तिला बोलावून घेतलं. “माझी सून येईल, ती सांगेल खरं काय ते,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. ती गेली, दुसऱ्या भोकातून दांडी आत सारली आणि दोन्ही आकडे जुळले. जुळणारच होते. एकाच चुकीच्या त्या दोन प्रती होत्या, पण हे तिला तेव्हा कुठून कळणार? सासऱ्यांनी भोकाला डोळा लावला आणि म्हणाले, “झाली. भट्टी झाली. गॅस बंद करतो.” ती म्हणाली, “बाबा, कसं होईल? बाराशे वीसला बंद करायची ना? आत्ता अकराशे एकोणनव्वद आहेत. अजून एकतीस बाकी आहेत.” ते म्हणाले, “पांढुरकं दिसतंय मला. आणि सुळका बघ.” आत, भोकासमोर, त्यांनी जुन्या सवयीने मातीचा एक बोटाएवढा सुळका उभा केला होता, ठरलेल्या आचेला तो मान टाकतो. त्याने मान टाकली होती. ती म्हणाली, त्याला झोत लागला असेल. मग म्हणाली, आणि हे ती हसत म्हणाली होती, सगळे हसले होते, “बाबा, डोळे तपासून घ्या एकदा.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तापमापकाकडे पाहिलं, अस्वस्थ होऊन आगीचा ओढा कमीजास्त करणारी चिमणीची झडप थोडी पुढेमागे केली आणि आकडा बाराशे वीस होईपर्यंत भट्टी तापवली. दार उघडलं तेव्हा दोनशे बेसिनं पोट सुटल्यासारखी जागच्या जागी बसली होती.

चौकशी झाली. तापमापक बरोबर, तपासणारी दांडी बरोबर, दोघांचे कागद बरोबर. उरला झडप हलवणारा हात. सासरे स्वतःच म्हणाले, डोळ्यांनी दगा दिला, घाबरून झडप हलवली, माझंच चुकलं. नवऱ्याने समजूत घातली, “बाबा, वय झालं की व्हायचंच. यंत्राशी कसली मारामारी करता?” डोळ्यांच्या डॉक्टरांना थोडासा मोतीबिंदू सापडला, साठीच्या कुणाच्याही डोळ्यांत सापडेल एवढा. तो काढला. दिवसातून चार वेळा थेंब तीच घालायची. मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ते मुकाट बसायचे. शस्त्रक्रिया छान झाली, असं सगळे म्हणाले. पण ते पुन्हा भट्टीकडे गेले नाहीत. राजीनामा पोस्टाने पाठवला, आणि पुढची सहा वर्षं डोळ्यांसमोरच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. दूध वर आलंय का गं? हा शर्ट निळा की हिरवा? टोमॅटो पिकलेत ना? रस्ता ओलांडायचा तर कुणाचं तरी कोपर धरायचं. आंघोळीच्या पाण्यासाठी त्यांनी एक काचेचा तापमापक आणला होता, बादलीत बुडवून मोठ्याने वाचायचे, आणि तरी बाहेर हाक यायची, “मोजणीबाई, चाळीस म्हणजे ठीक ना?” लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिला मोजणीबाई म्हणायचे. आधी त्यात चेष्टा होती. नंतर चेष्टा कधी संपली आणि नुसती विचारणा उरली, ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या गुरुवारी ती घरी आली ती कागद पिशवीत घालून. कागद का आणला ते तिला सांगता आलं नसतं. विभागाचा कागद घरी आणायचा नसतो. सासरे खिडकीत होते. “आज उशीर?” ते म्हणाले. “कपाटं हलवतोय,” ती म्हणाली. “हं. जड असतात लोखंडी कपाटं. पाठ सांभाळ.” एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. कागद मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात नीट बसेल असं तिला वाटत होतं, पण तो कुठेच बसेना. बूट आणि पाय यांच्यामध्ये शिरलेल्या खड्यासारखा सगळीकडे बरोबर आला. आत्ता जाऊन सांगावं, बाबा, तुम्हाला बरोबर दिसत होतं. आणि मग? ते आनंदाने उडी मारतील? सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले असते. आता ते अडुसष्ट वर्षांचे होते, आणि आपले डोळे गेले या एका गोष्टीशी त्यांनी कसाबसा तह केला होता. तो तह मोडायचा अधिकार तिला कुणी दिला? शिवाय पाच महिन्यांत दांडी कधी घसरली ते कोण सांगणार? त्या दिवशी ती ठीकही असेल. पुढे बिघडली असेल. हे वाक्य मनात आलं आणि ती चपापली, कारण ते तिचं नव्हतं. शब्द न् शब्द ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं आणि तिने ते पूर्वी ऐकलं होतं.

शुक्रवारभर तिने ते वाक्य कुणाचं हे आठवायचं टाळलं. टाळता येत होतं, हेच मोठं चमत्कारिक होतं. डोळ्यांसमोर आलेली गोष्ट बाजूला सारायची तिला सवय होती, आणि ही सवय किती जुनी आहे याचा विचार करत ती दिवसभर दुसऱ्यांच्या तापमापकांवर हिरवे शिक्के मारत राहिली. एका शिक्क्यापाशी हात थांबला. शिक्का मारला तर तो तापमापक उद्या कुठेतरी जाऊन बसणार, आणि कुणीतरी आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणार. तिने तो परत तपासला. बरोबर होता. तिसऱ्यांदा तपासला. कारकून म्हणाला, “बाई, बरं नाही का?” शनिवारी सकाळी न्हाणीघराच्या उघड्या दारातून तिला सासरे दिसले. बादलीपाशी वाकून, काचेची नळी उजेडाला धरून ते आकडा वाचत होते, आणि वाचताना त्यांचे ओठ पहिलीतल्या पोरासारखे हलत होते. तेवढ्याने झालं. सगळं एकदम वर आलं. साहेबांची खोली, गरगरणारा पंखा, टेबलावर हाच कागद, आणि साहेब, जे आता निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते, पेन्सिलीने कान कोरत म्हणत होते, “पाच महिन्यांत कधी घसरली कोण सांगणार? त्या दिवशी ती ठीकही असेल. नवी मागवा, ही बाद करा.” म्हणजे ‘तो दिवस’ त्यांच्याही मनात होता. म्हणजे तिनेच तो बोलून दाखवला असणार. ती कागद घेऊन आत गेली असणार, साहेब, माझ्या सासऱ्यांच्या भट्टीचं काय, असं विचारलं असणार, आणि हे उत्तर ऐकून तिला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं. खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं, ते तिला आत्ताही खांद्यांत आठवत होतं. मग तिने सही केली आणि घरी येऊन त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. उजव्यात दोन, डाव्यात दोन. “चाळीस म्हणजे ठीक ना?” न्हाणीघरातून हाक आली. “ठीक आहे, बाबा,” ती म्हणाली.

रविवारी तिला एका भट्टीवर जायचं होतं. मातीकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी घरामागच्या शेडमध्ये कपाटाएवढी गॅसची भट्टी बांधली होती, आणि त्यांचा तापमापक काहीतरी भलतंच सांगतो अशी त्यांची तक्रार होती. ती म्हणाली, “बाबा, चला माझ्याबरोबर.” ते म्हणाले, “मी येऊन काय करू? तिथे बघायला डोळे लागतात.” ती म्हणाली, “पिशवी जड आहे.” पिशवीचं कारण त्यांना पटलं. बसमधून उतरल्यावर त्यांनी तिचं कोपर धरलं आणि दोघं एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी हळूहळू चालत गेली. शेडमध्ये भट्टी धगधगत होती. फळ्यांवर पेले, बरण्या, एक कान तुटलेला मातीचा हत्ती. मातीकामवाल्या बाई मोठ्या बोलक्या, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या. “या मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमच्याबद्दल ऐकलंय मी. बघा ना जरा आत, मला तर सगळं सारखंच दिसतं.” “मी नाही बघत आता,” सासरे म्हणाले आणि भट्टीकडे पाठ करून, हत्तीसमोर जाऊन उभे राहिले. तिने नवी दांडी आत सारली, तारा जोडल्या, आकडा स्थिरावायची वाट बघत बसली. गरम हवेचा झोत घोट्यांवर येत होता. सासऱ्यांची पाठ तिच्यासमोर होती, शर्टाला घामाचा एक लांबट डाग पडला होता, आणि भट्टीची घरघर कान न देताही त्यांना कळत असणार, कारण बाईंनी गॅस जरा वाढवला तेव्हा त्यांची मान आपसूक तिकडे वळली आणि पुन्हा सरळ झाली. बाई चहा टाकायला घरात गेल्या.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी माझी दांडी चुकीची होती.”

पाठ हलली नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सगळं, पिशवीतून कागद काढून हातात धरून सांगितलं: एकतीस अंश कमी दाखवत होती, तुम्ही झाली म्हणालात तेव्हा भट्टी झालीच होती, त्यानंतरचं सगळं जास्तीचं होतं. ते वळले. कागद घेतला नाही. “म्हणजे मला दिसत होतं?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक हो. दांडी नेमकी कधी घसरली ते...”

“बहुतेक नको. दिसत होतं की नव्हतं?”

मोजमापाच्या धंद्यात असं उत्तर देत नाहीत. प्रत्येक आकड्याला पुढेमागे काही जोडायचं असतं, त्यातच प्रामाणिकपणा असतो. “दिसत होतं,” ती म्हणाली. “सुळकासुद्धा पडला होता. तुम्हाला बरोबर दिसत होतं.”

“तुला कधी कळलं?”

“गुरुवारी,” ती म्हणाली. तो शब्द तोंडातून सहज सुटला, आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर थांबता आलं असतं. त्यांनी मान हलवलीसुद्धा होती. “नाही,” ती म्हणाली. “गुरुवारी सापडला. कळलं तेव्हाच होतं. तुमचे थेंब चालू होते तेव्हा. साहेब म्हणाले, कोण सांगणार कधी घसरली. मी ते धरलं. आणि मग विसरले. विसरून टाकलं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हात पुसत होते. हातांना काही लागलेलं नसताना विजारीला दोन्ही तळवे पुन्हा पुन्हा पुसत होते. “थेंब चालू होते तेव्हा,” ते म्हणाले, स्वतःशीच. मग, “सहा वर्षं मी दुधाला विचारतोय, बाई, तू वर आलंस का.” त्यात विनोद होता की नाही ते तिला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. फळीवर मातीकामवाल्या बाईंची निळी काच पडली होती. त्यांनी ती उचलली, शर्टाच्या टोकाने पुसली, भट्टीपाशी आले आणि गुडघा टेकून भोकाला डोळा लावला. ती बाजूला सरकली. आतला उजेड त्यांच्या गालावर पैशाएवढा गोल पडला होता. किती वेळ गेला कोण जाणे. बाई चहाचे पेले घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

“अकराशे ऐंशी,” ते म्हणाले.

तिने आकड्याकडे पाहिलं. अकराशे बेचाळीस. नवी दांडी होती, दोन महिन्यांपूर्वी तपासून आलेली, अर्ध्या अंशाचाही फरक नसलेली. आतापर्यंत ज्या ज्या गोष्टी तिने बाजूला सारल्या होत्या त्या सगळ्या जणू या एका आकड्याच्या पाठीमागे रांग लावून उभ्या होत्या, आणि हाही सारता आला असता. दोन अंश इकडेतिकडे, शाबास बाबा, बघा बरं. चहाचे पेले धरलेल्या बाई तिच्याकडे आशेने बघत होत्या, त्यांनाही तेच हवं होतं.

“किती?” त्यांनी विचारलं. काच अजून डोळ्यासमोर होती.

“अकराशे बेचाळीस.”

त्यांनी काच खाली केली. वर मान करून छताच्या पत्र्याकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. “गेले,” ते म्हणाले. “आता गेले. तेव्हा नव्हते गेले.”

बाईंनी चहा ठेवला. मग सासरे उठले, एक स्टूल ओढून आणलं आणि भोकासमोर बसले. चहा निवला तरी त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “अकराशे नव्वद.” ती म्हणाली, “अकराशे एकसष्ट.” पुन्हा थोड्या वेळाने, “बाराशे पाच.” “अकराशे चौसष्ट.” चूक वाढली होती. त्यांनी काच उलटी करून धरली, सुलटी केली. पुढच्या खेपेला एकवीसचा फरक निघाला, त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा छत्तीसचा. उन्हं कलेपर्यंत हे चाललं. तिच्याकडे एकदाही न बघता ते आकडा बोलायचे आणि हात मागे करायचे, आणि ती त्या हातावर ठेवावा तसा खरा आकडा सांगायची. तिला मध्येच उठून पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी हे कधीच संपू नये असंही वाटत होतं, कारण इथून उठल्यावर काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बाईंनी शेवटी गॅस बंद केला तेव्हा ते म्हणाले, “पुढची भट्टी कधी?” बाई म्हणाल्या, “पंधरा दिवसांनी.” “येतो,” ते म्हणाले. कुणाबरोबर, ते सांगितलं नाही.

परतताना त्यांनी कोपर धरलं नाही. रस्त्याच्या कडेला ते थांबले, दिव्याचा रंग स्वतः पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि निघाले. ती अर्धं पाऊल मागे, हात पुढे करू की नको अशा अवस्थेत. एक मोटार करकचून थांबली आणि चालवणाऱ्याने काहीतरी शिवी दिली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असताना ते दोन बाक पुढे जाऊन बसले. त्यांचं डोकं हिसक्यांबरोबर हलताना ती बघत राहिली. हे रागावणं असेल तर त्याला काही माप असेल, कमीजास्त होत असेल, कधीतरी उतरत असेल. पण त्या हलणाऱ्या डोक्यावरून काहीच कळत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की एखाद्या गोष्टीत दांडी खुपसून बघता येत नाही हे किती भयंकर आहे.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. नवऱ्याला दुपारी झोप लागली होती, म्हणून तो खुशीत होता. “काय बाबा, भट्टीवर गेला होता म्हणे? काय म्हणाली भट्टी?”

“अडतीसने चुकलो,” सासरे म्हणाले.

“अडतीस! अहो, मला कुणी विचारलं असतं तर मी अडतीसशेने चुकलो असतो.” तो हसला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, “बघ, म्हटलं होतं ना, एकदा बाहेर काढ त्यांना, बरं वाटेल.” सासरे खाली बघून जेवत होते. ते सांगणार नव्हते, हे तिला कळलं. आज नाही, उद्या नाही, पोराला ते कधीच सांगणार नव्हते, आणि हे तिच्यावरचे उपकार आहेत की तिला दिलेली शिक्षा, ते विचारायची सोय नव्हती. ‘यंत्राशी कसली मारामारी’ म्हणणारा हा मुलगा, वडिलांचा राजीनामा ज्याने स्वतः पेटीत टाकला, तो आणखी वीस वर्षं असाच हसत जेवेल. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाली, “मला तुला एक सांगायचंय.”

सासऱ्यांनी मान वर केली. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, भोकातून पाहावं तसं, एक डोळा किंचित बारीक करून, आणि ते पाहणं लवकर संपलं नाही.

“जेवू दे त्याला आधी,” ते म्हणाले.

“का, काय झालं?” नवरा म्हणाला.

“काही नाही. जेव तू.”

नवऱ्याने खांदे उडवले आणि आणखी वाढून घेतलं. त्याला भूक चांगली लागली होती. तो सावकाश जेवत होता, मध्येच शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या पंपाची हकीकत सांगत होता, आणि ती दोघं आपापली ताटं पुढ्यात घेऊन, हात न धुता, त्याचं जेवण व्हायची वाट बघत बसली होती.